लाख पानं आणि एक चप्पल

बसा मंडळी, ऐसपैस बसा. पुढं सतरंजी मोकळी आहे. मागं खांबाला टेकून बसलेल्यांना सांगते, खांब देवळाचा आहे, उशी नव्हे! टाळ जरा हळू. हां. आता ऐका.

आज एकच प्रश्न विचारते. अवघड नाही, ब्रह्म-माया नाही, घरातलाच आहे. आपण रोज देवाला फूल वाहतो, पान वाहतो. हात जोडतो, डोळे मिटतो. बरोबर? मग सांगा — ते पान दुसऱ्या दिवशी जातं कुठं?

का हो, गप्प का झालात? वाहताना तर मंत्र म्हणता! मग पुढचं ठाऊक नाही? देवानं ते खिशात घातलं का? देवाला खिसा नाही. मग गेलं कुठं?

मीही नेमाचीच बाई आहे. माझं तुळशीचं पाणी चुकत नाही, सोमवार मोडत नाही. म्हणून हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला, आणि मला उत्तर आलं नाही. उत्तर मिळालं ते पाणंदवाडीच्या द्वारकाक्कांच्या गोष्टीत. तीच सांगते.

पाणंदवाडी म्हणजे साठ उंबऱ्यांचं गाव. मधोमध महादेवाचं देऊळ, देवळाला लागून विहीर, विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर. ती मोटर चालली की टाकी भरायची, टाकी भरली की साठ घरांत चूल पेटायची. म्हणजे गावात देव दोन! एक गाभाऱ्यात, एक पत्र्याच्या छपराखाली. आणि खरं सांगायचं तर गाव भ्यायचं ते दुसऱ्यालाच. महादेव रुसला तर बेल वाहून समजूत पटते. मोटर रुसली तर?

अशा या गावात द्वारकाक्का. वय बासष्ट, अंगानं काडी, आवाज घागरीएवढा! सोवळं इतकं कडक की कावळा शिवायच्या आधी परवानगी मागायचा. पण मनानं वाईट नाही बरं का. मनात एकच काटा होता, आणि त्या काट्याचं नाव तानूबाई. थोरली जाऊ!

जावा-जावांचं काय असतं ते तुम्हांला मी काय सांगू? समोरच बसल्यात चार जणी. बघा, आत्ताच एकमेकींकडं बघून हसल्या!

तर तानूबाईंनी गणपतीला दुर्वांचा लक्ष केला. लक्ष म्हणजे एक लाख. एक लाख दुर्वा, मोजून! उद्यापनाला गावजेवण घातलं, जिलेबी वाढली. आणि जिलेबी वाढता वाढता धाकट्या जावेच्या पानाशी थांबून म्हणाल्या, "घे गं द्वारके, अजून एक. तुला काय, नेम न्हाई, धरम न्हाई, पचंल तुला!"

झालं! ती जिलेबी द्वारकाक्कांच्या घशात जी अडकली, ती उतरायला अडीच वर्षं लागली.

महाशिवरात्रीला त्यांनी महादेवापुढं पदर पसरला. म्हणाल्या, "देवा, बेलाचा लक्ष करते. रोज एकशे आठ पानं. आणि लक्ष पुरा झाला की गाभारा पाण्यानं भरून तुला बुडवीन! तू बुडाल्याशिवाय त्या दिवशी मी पाण्याचा थेंब तोंडात घेणार न्हाई!"

महादेव काय बोलणार? त्याला कुणी विचारलं होतं का, बुडायचं आहे का म्हणून?

आता त्या देवळाचा गुरव ऐका. नाव महिपती. पण गावात मोटरमिस्त्रीही तोच! सकाळी नऊपर्यंत गुरव, नवानंतर मिस्त्री. दोन टोप्या होत्या त्याच्या. देवळाच्या खुंटीवर पांढरी स्वच्छ टोपी, मोटरीच्या छपरात तेलानं काळी झालेली. ज्या डोक्यावर जी टोपी, त्या डोक्यात तेवढंच ज्ञान! सकाळी आठला कुणी गाभाऱ्याशी येऊन विचारलं, "मिस्त्री, मोटर का घुमतीया?" तर हा डोळे मिटून म्हणायचा, "मिस्त्री नवाला येत्यात. तोवर घंटा वाजवा."

आणि या महिपतीची एक शेळी होती. नाव शेवंती. पांढरी, एक शिंग वाकडं. रोज सकाळी गुरव पिंडीवरचं कालचं निर्माल्य, म्हणजे वाहून झालेली पानं-फुलं, टोपलीत भरून देवळामागं ओतायचा. शेवंती यायची आणि सगळं खाऊन टाकायची. बेल, झेंडू, दुर्वा, काही म्हणून उरायचं नाही. कैक वर्षं हे चाललं होतं. कुणाची तक्रार नव्हती. महादेवाची नव्हती, शेवंतीची तर नव्हतीच.

आता सांगा, त्या गावात निर्माल्य कुठं जात होतं? शेळीच्या पोटात! आणि कुणाचं काही अडत होतं का? नाही!

पण लक्षाच्या दुसऱ्याच दिवशी द्वारकाक्का देवळामागं गेल्या आणि किंचाळल्या, "महिप्या! आरं माझ्या लक्षातली पानं शेळी खाती की!"

"अक्का, ती रोजच खाती."

"रोज खात आसंल! ही पानं मोजलेली हायती! मोजलेलं पान शेळीच्या पोटात गेलं तर लक्ष देवाचा झाला का शेळीचा?"

महिपती विचारात पडला. गुरवाच्या टोपीत या प्रश्नाला उत्तर नव्हतं. "मग कुठं टाकू म्हणता?"

"निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडायचं असतंय."

"आपल्या गावाला नदी न्हाई, अक्का."

"पाणी तर हाय?" असं म्हणून अक्कांनी बोट दाखवलं. कुठं दाखवलं, मंडळी?

— विहिरीत!

बघा, तुम्हांला बरोबर समजतं. महिपतीनं मान डोलावली. अक्कांशी वाद घालण्यापेक्षा टोपली उचलणं सोपं. त्या दिवसापासून रोज एकशे आठ पानं विहिरीत. शेवंती विहिरीच्या कठड्याशी उभी राहून खाली बघायची आणि "बें" करायची. फार करुण. घरातल्या खऱ्या बोलणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, तसं तिचं झालं.

आता जरा मोटरीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. भिऊ नका, सोपं आहे. मोटर राहते वर. तिचा पाइप जातो खाली पाण्यात. पाइपाच्या तळाच्या टोकाला एक लोखंडी भांडं असतं, त्याला बाहेरून जाळी आणि आत कातड्याची एक चकती, दारासारखी. पाणी आत घेते, पण परत खाली जाऊ देत नाही. त्याला खेड्यात सगळे फुटबॉल म्हणतात. अरे, मागची पोरं उठली का? बसा, खेळायचा नव्हे!

आणि मोटर चालू करायच्या आधी पंपाच्या डोक्यावरच्या तोंडातून पाणी ओतून पाइप भरावा लागतो. आधी त्याला पाजायचं, मग तो देतो. जावयासारखं — आधी मानपान, मग काम! पण खालची चकती नीट बसली नसली तर? वरून कितीही ओता, खाली गळून जाणार. पाइपात हवा शिरते आणि मोटर नुसती ओरडते.

पहिल्या वर्षी मोटर थोडी खोकायला लागली. पाण्याची धार मनगटाएवढी होती, ती अंगठ्याएवढी झाली. गाव जमलं. कुणी म्हणालं, दृष्ट लागली. खरंच आहे, एवढी सुंदर मोटर! मग द्वारकाक्कांनीच मीठ-मोहऱ्या, सात मिरच्या आणि एक लिंबू मोटरीवरून उतरवलं. "आल्यागेल्याची, पैपाव्हण्याची, वायरमनची..." अशी सगळ्यांची दृष्ट काढली. आणि उतरलेलं लिंबू टाकलं कुठं?

— विहिरीत!

दुसऱ्या वर्षी धार करंगळीएवढी झाली. गाव म्हणालं, जलदेवता कोपली. मग खणानारळानं ओटी भरली. ब्लाऊजपीस, नारळ, हळकुंडं. टाकलं कुठं?

— विहिरीत!

दसऱ्याला मोटरीला झेंडूचा हार घातला, तोही तिसऱ्या दिवशी —

— विहिरीत!

वा! आता मी नाही सांगितलं तरी चालेल. तुम्हीच पुरं करता! म्हणजे हातानंही तुम्ही हेच करत असणार, मला शंका येते.

आणि महिपती मिस्त्री? तो काळी टोपी घालून वरची मोटर उघडायचा. बेअरिंग बदलायचा, तेल द्यायचा, स्टार्टर पुसायचा. कपाळावर हात मारायचा. "वर तर काय बी बिघाड न्हाई!" अहो मिस्त्री, वर नाहीच! पण खाली काय आहे ते मिस्त्रीला ठाऊक नव्हतं. ते गुरवाला ठाऊक होतं, आणि गुरव मिस्त्रीशी बोलत नव्हता!

असं करता करता तिसरा श्रावण आला. शेवटचा सोमवार. नऊशे पंचवीस दिवस झाले होते, नव्व्याण्णव हजार नऊशे पानं वाहून झाली होती. उरली किती?

शंभर!

सोमवारी बेल तोडायचा नसतो, म्हणून अक्कांनी रविवारीच शंभर कोवळी पानं तोडून ओल्या फडक्यात बांधून ठेवली होती. नवं लुगडं नेसल्या होत्या. पायात नवीकोरी कोल्हापुरी चप्पल — करकर वाजणारी, खास तानूबाईंना ऐकू जावी म्हणून घेतलेली! रविवारी सूर्य मावळल्यापासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. देऊळ गच्च भरलेलं. तानूबाई पुढच्या रांगेत, हात घडी घालून. गाभाऱ्याच्या उंबऱ्याला मातीचा बांध घातला, गोमुखात बोळा कोंबला. आता पाइप सोडायचा, गाभारा भरायचा, देव बुडवायचा, शंभर पानं वाहायची, आणि मग घटाघटा पाणी प्यायचं!

महिपतीनं बटण दाबलं.

मोटर म्हणाली — "घुंऽऽऽऽऽ."

पाणी? पाणी नाही!

त्यानं पंपाच्या तोंडातून एक घागर ओतली. गडप! दोन घागरी. गडप! पाच घागरी. विहिरीतलं पाणी बादलीनं काढून विहिरीतच चाललं होतं! बटण दाबलं — "घुंऽऽऽ." सात घागरी झाल्या.

"महिपा, काय झालं रं?" अक्का.

"हवा धरलीया."

"मग सोडव की!"

"हवाच ती अक्का, शेपूट न्हाई तिला धरून वढायला."

कुणी म्हणालं, बादलीनं भरू गाभारा. गावात धड पोहरे उरले होते दोन. मोटर आली तेव्हाच रहाट भंगारात गेला होता. पोरं लागली शेंदायला. पण गोमुखातला बोळा गळका! दोन बादल्या आत, दीड बादली बाहेर. दुपार झाली. पिंडीच्या पायाशी वीतभर पाणी चढेना. महादेवाचे नुसते तळवे भिजले.

आणि द्वारकाक्का? ऊन तापलेलं. जीभ टाळूला चिकटलेली. कठड्यावर बसल्या होत्या, मांडीवर बेलाचं फडकं. समोर बादल्या हिंदकळत होत्या, आणि प्रत्येक हिंदकळीसरशी अक्कांचं नरडं वर-खाली व्हायचं. डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. बायका म्हणाल्या, "अक्का, घोटभर घ्या. देव काय न्हाई म्हणत न्हाई." अक्का मान हलवायच्या. आता त्या घागरीएवढ्या आवाजाची सुद्धा फुंकर झाली होती.

मंडळी, इथं हसू नका हं. एवढं हसलात, आता एवढं ऐका. नवस ईर्ष्येनं बोललेला होता, खरं आहे. पण नऊशे पंचवीस दिवस — तापात, पावसात, पाय मुरगळला तेव्हा काठी टेकत — ती बाई देवळात आली होती. रोज मोजताना शेजारीण नव्हती बघायला. ते खोटं नव्हतं. आज ते सगळं विहिरीच्या तोंडाशी येऊन अडलं होतं, आणि बाई उठायला तयार नव्हती. काही झालं असतं म्हणजे?

तानूबाई शेजारी येऊन बसल्या. हळूच म्हणाल्या, "द्वारके, मरशील गं."

"मरंन," अक्का फुंकरल्या, "पर तुमच्यासमोर पाणी न्हाई पिणार!"

बघा! जीव जायची वेळ आली, पण जाऊ आहे तिथंच!

तेवढ्यात महिपतीनं काळी टोपी कपाळावर ओढली आणि ओरडला, "पाइप वर काढा! खाली बघितल्याबिगर कळायचं न्हाई!" दहा गडी लागले दोराला. "हय्या! हय्या!" पाइप सरकत सरकत वर आला, फुटबॉल काठावर आपटला. आणि सगळं गाव बघतच राहिलं.

फुटबॉल दिसेचना! नुसता पानांचा गोळा! रांजणाएवढा. बेलाची पानं, थरावर थर, कुजलेली, काळी, वर कालची हिरवी. मध्ये ब्लाऊजपीस गुंडाळलेला. झेंडूच्या हाराचा दोरा नऊ वेढे. आणि अगदी वर, फेट्यावर तुरा खोवावा तसं, ते दृष्टीचं लिंबू!

महिपती मिस्त्री भडकला. काळी टोपी थरथरली. "कुठल्या गाढवानं विहिरीत बेल टाकला? आरं, पाण्याची विहीर हाय का उकिरडा? समोर तर येऊ द्या त्याला, हाडं मोजतो त्याची!"

सगळे महिपतीकडंच बघत होते.

महिपतीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग हळूच काळी टोपी काढली. देवळात गेला, पांढरी घालून आला, आणि खाली मान घालून म्हणाला, "मी टाकला."

मग पुन्हा काळी घातली. "अक्कल कुठं गेली हुती तुझी? रोज टाकतुयास ते मला सांगायचं न्हाईस?"

पांढरी घातली. "तुम्ही इचारलं न्हाई, मिस्त्री."

काळी. "इचारायचं काय? एकाच घरात ऱ्हातो की आपण!"

पांढरी. "आन् मी काय हौसंनं टाकला? मला अक्कांनी सांगितलं हुतं!"

आता दोन्ही टोप्या अक्कांकडं वळल्या. गावही वळलं. शेवंती तर केव्हाची तिकडंच बघत होती!

अक्कांनी त्या पानांच्या गोळ्याकडं बघितलं. एकेक पान त्यांच्या ओळखीचं होतं हो. आपल्या हातांनी तोडलेलं, आपल्या तोंडानं मोजलेलं. देवाला वाहिलं म्हणून समाधानानं झोपल्या होत्या त्या रात्री. आणि ते पान देवाकडं गेलंच नव्हतं. ते खाली जाऊन साठ घरांच्या पाण्याच्या गळ्यात बसलं होतं. माझी आपली एक ओळ आहे, म्हणा माझ्यामागून:

वाहिली मी पाने । लाख मोजूनिया ।
गेले अडोनिया । पाणी त्याने ॥

पण नुसतं वाईट वाटून पाणी येतं का? येत नाही. महिपतीनं पानं ओरबाडून काढली, जाळी खरवडली. आत बघतो तर कातड्याची चकती कुजून तिचा लगदा झालेला. रोज पानं अडकून दार उघडंच राहायचं, त्यानं सडलं बिचारं.

"नवी चकती पायजे. जाड कातड्याची," महिपती म्हणाला.

तालुक्याचं दुकान सोमवारी बंद. मग? पोरानं आपली रबरी स्लिपर पुढं केली. महिपतीनं कापून बसवून बघितली. वाकली. "लई मऊ. वजनानं आपटाय पायजे खाली. कातडंच लागतंय." मग गावानं आपापल्या पायांकडं बघितलं. प्लॅस्टिक. रबर. प्लॅस्टिक. अनवाणी. प्लॅस्टिक. साठ उंबऱ्यांच्या गावात अस्सल कातड्याची चप्पल एकच, तीही नवीकोरी, करकरीत, देवळाच्या पायरीखाली ठेवलेली!

कुणाची?

तुम्ही हसायला लागलात म्हणजे कळलं तुम्हांला.

"न्हाई!" अक्का कठड्यावरून उठल्याच. त्यांना एकदम आवाज फुटला. "माझी चप्पल? पायातली? विहिरीत? आरं, त्यातनं आलेलं पाणी देवाच्या डोक्यावर घालायचं? देवळाभाईर काढून ठेवायची वस्तू ती! माझं सोवळं..."

"अक्का," महिपती म्हणाला. यावेळी डोक्यावर कुठलीच टोपी नव्हती. दोन्ही हातांत होत्या. "ह्यो फुटबॉल बसवून वीस वर्सं झाली. वीस वर्सं त्यात कातड्याचीच चकती हाय. आजवर तुम्ही जेवढं पाणी देवाला घातलं, त्यातला थेंब न् थेंब कातड्यातनंच आला. देव एकदा तरी शिंकला का?"

अक्कांनी गाभाऱ्याकडं बघितलं.

"आन् अक्का," तो म्हणाला, "ज्याला घालायचं ते पाणी, त्यो सोता वाघाच्या कातड्यावर बसलाय. त्याला तुम्ही कोल्हापुरीचं सोवळं सांगताय?"

पण जुन्या सवयी अशा सुटतात का? अक्का उभ्याच. मनात तराजू. एका पारड्यात बासष्ट वर्षांचं सोवळं, एका पारड्यात एक चप्पल. आणि तो तराजू हलेना! शेवटी हलवला कुणी? तानूबाईंनी. त्या शांतपणे म्हणाल्या, "द्वारके, लाख पानं दिलीस बाई. एक चप्पल देववंना व्हय तुला?"

टोमणाच होता तो. पण कसा बसला बघा, नेमका चकतीसारखा!

अक्का तरातरा निघाल्या. बेलाचं फडकं कठड्यावर ठेवलं, देवळाच्या पायरीपर्यंत अनवाणी गेल्या, डाव्या पायाची चप्पल उचलली. एकदा कपाळाला लावली — चपलेला! — आणि महिपतीच्या हातात दिली. "काप."

महिपतीनं गोल कापली, भोक पाडलं, नट आवळला. दहा गड्यांनी पाइप खाली सोडला. एक घागर ओतली. पाणी पंपाच्या तोंडाशी आलं आणि... थांबलं! खाली गेलं नाही! चकतीनं दार लावून धरलं होतं!

बटण दाबलं. "घुंऽऽऽ" — मग "खर्रर्र" — आणि मग, मंडळी, अशी धार आली! मांडीएवढी! पहिल्या उसळीला लिंबाच्या चार बिया आल्या, त्या थेट तानूबाईंच्या नव्या लुगड्यावर. पण कुणाचं लक्ष होतं? पाइप गाभाऱ्यात सोडला. पाणी चढलं. शाळुंका बुडाली. पिंडी अर्धी बुडाली. नंदी मान वळवून बघायला लागला असं वाटलं. आणि — बुडाला! महादेव बुडाला! घंटांचा नुसता कल्लोळ!

"आता शंभर पानं वाहा, अक्का, आन् पाणी प्या!" गाव ओरडलं.

अक्का कठड्याकडं वळल्या.

कठड्यावर फडकं होतं. फडक्यात पानं नव्हती. फडक्याशेजारी शेवंती होती, आणि शेवंतीच्या तोंडातून शंभरावं पान हळूहळू आत चाललं होतं.

अडीच वर्षांचा उपास सोडला होता हो तिनं! तिचं उद्यापन आधी झालं!

अक्कांनी कपाळ धरलं आणि खालीच बसल्या. "सोमवार... आज बेल तोडता येत न्हाई. माझी शंभर पानं राहिली. देव बुडाला पर लक्ष तुटला!" आणि त्या रडायला लागल्या. बासष्ट वर्षांची बाई, लहान मुलीसारखी. डोळ्यांत पाणी आलं, पण घशात थेंब नाही.

महिपती पुढं आला. पांढरी टोपी घातलेली होती, म्हणजे गुरवाचं ज्ञान येणार होतं. "अक्का, रडू नका. बेल शिळा होत न्हाई. वाहिलेलं पान सुदिक धुऊन पुन्यांदा वाहता येतंय. शास्तर हाय तसं."

अक्का रडायच्या थांबल्या. हळूच मान वर केली. "काय म्हणलास?"

"धुऊन पुन्यांदा..."

"म्हंजे पहिल्या दिवशीची एकशे आठ पानं धुऊन धुऊन वाहिली असती, तरी..."

"चाललं असतं."

"आन् हे तू मला अडीच वर्सं सांगितलं न्हाईस?"

महिपतीनं पांढरी टोपी काढून पाठीमागं लपवली. "तुम्ही इचारलं न्हाई, अक्का!"

तुम्ही म्हणाल, अक्कांनी उरलेली चप्पल उचलली असेल. उचलली होती! पण तानूबाईंनी हात धरला. "राहू दे. ती एकच उरलीया." आणि जी पहिली हसली ती तानूबाई. मग अक्का. मग सगळं गाव.

फुटबॉलावरून काढलेला ढीग तिथंच पडला होता. वरची, दोन-चार दिवसांतली हिरवी पानं दोघी जावांनी मांडीला मांडी लावून वेचली. अक्का वेचत होत्या, तानूबाई त्या नव्या धारेखाली धूत होत्या. मोजत मात्र कुणीच नव्हतं! नंतर कुणी सांगितलं शंभर होती, कुणी म्हणालं नव्वद. महादेवानं तर मोजलीच नाहीत, तो पाण्याखाली होता.

पानं वाहून झाली. अक्का बाहेर आल्या, तशा तानूबाई तांब्या घेऊन उभ्या. तांब्या पुढं केला. आणि द्वारकाक्का, ज्या जावेसमोर मरतील पण पाणी पिणार नव्हत्या, त्या तिच्याच हातचं पाणी घटाघट प्यायल्या. म्हणाल्या, "जाऊबाई, गोड हाय हो पाणी."

तानूबाई म्हणाल्या, "तुझ्या चपलीतनं आलंय."

मंडळी, तेव्हापासून पाणंदवाडीत नवा नेम आहे. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी पाइप वर काढतात, जाळी घासतात, चकती बघतात. हार नाही, नारळ नाही, नुसता ब्रश. निर्माल्य परत शेवंतीकडं. आणि अक्का रोज देवळात येतात, वाहतात किती? एक पान. धुतलेलं. आणि येता येता कठड्यावरून वाकून विहिरीत बघतात.

आता माझा प्रश्न आठवा. वाहिलेलं पान जातं कुठं? पाणंदवाडीच्या लोकांना कळलं. तुम्हांला? मघाशी तुम्ही सगळे इतक्या जोरात "विहिरीत" म्हणालात, की मला तुमच्या गावच्या विहिरीची काळजी लागली आहे! भक्ती करा हो. माझ्यापेक्षा जास्त करा. पण देवाला देताना दुसऱ्याच्या पाण्याची वाट अडत नाही ना, एवढं वाकून बघा. वाकावं लागतंच. देवापुढं वाकता, विहिरीपुढं वाकायला कंबर दुखते का? म्हणा माझ्यामागून, आणि उठा:

पायीची वहाण । घातली आडात ।
आले गाभाऱ्यात । पाणी देवा ॥

हळू उठा. आणि एक सांगते. बाहेर पायरीवर तुमच्या चपलांचा ढीग आहे. घालताना लाथेनं ओढू नका, हातानं सरळ करून घाला. त्यातली कुठली देवाच्या उपयोगी पडेल, आपल्याला काय ठाऊक!